गावचे दप्तर संगणकावर : बेळगाव-निपाणी भागातील हक्कनोंद आणि तलाठ्याचे काम

शेतकऱ्याच्या घरी ज्या कागदाची सर्वांत अधिक काळजी घेतली जाते, तो कागद म्हणजे जमिनीचा उतारा होय. पीककर्ज, साखर कारखान्याकडील उसाची नोंद, विहिरीवरील विजेची जोडणी, भावाभावांतील वाटणी आणि महापुरानंतरची नुकसानभरपाई या साऱ्यांची वाट त्या एका कागदावरून जाते. हा कागद लिहिणारा, सांभाळणारा आणि देणारा सेवक म्हणजे गावचा तलाठी. कर्नाटक राज्याने २००० सालच्या आसपास 'भूमी' या प्रकल्पाद्वारे राज्यातील सर्व उतारे संगणकावर आणले. या बदलाचे वर्णन बहुधा यंत्राच्या अंगाने केले जाते. परंतु बेळगाव, खानापूर, चिकोडी व निपाणी या सीमेलगतच्या तालुक्यांत त्याचा अभ्यास करू गेल्यास असे दिसून येते की, खरा बदल घडला तो कामाच्या पद्धतीत आणि माणसामाणसांतील संबंधांत. नेतृत्व, तंत्र आणि शासकीय सेवकाचे रोजचे काम यांचा परस्परांशी कसा मेळ बसतो, आणि कोठे बसत नाही, हे समजण्यास हे उदाहरण फार उपयोगी आहे.

एकाच साखळीने मोजलेली जमीन

सांप्रत सीमेच्या दोन बाजूंस दिसणाऱ्या उताऱ्यांचे मूळ एकच आहे. मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकात जी जमीन पाहणी झाली, तिची तत्त्वे १८४७ च्या संयुक्त अहवालात निश्चित झाली. या अहवालाच्या कर्त्यांपैकी कॅप्टन विंगेट यांच्याकडे दक्षिण महाराष्ट्र प्रांताच्या पाहणीचे काम होते. मोजणीची साखळी ३३ फुटांची असे व तिचे १६ आणे पाडलेले असत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद एवढी जमीन म्हणजे १ गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे १ एकर. बांधावरचे दगड, सर्व्हे नंबर, आकार, पोटखराब ही सारी परिभाषा त्या वेळेपासून गावकऱ्यांच्या तोंडी रुळली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. मात्र त्याच जिल्ह्यातील चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला व पुढे महाराष्ट्रात आला. त्या दिवसापर्यंत एकाच कलेक्टर कचेरीच्या अमलाखाली असलेली, एकाच नमुन्याचे दप्तर लिहिणारी गावे दोन राज्यांच्या दोन महसूल कायद्यांखाली आली. म्हैसूर राज्याचा नवा जमीन महसूल कायदा १९६४ साली अमलात आला, तर महाराष्ट्राची जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे. महाराष्ट्रात गाव नमुना ७ व १२ एकत्र करून 'सात-बारा' देण्यात येतो. कर्नाटकात त्याच कामी नमुना १६ आहे. त्यास सरकारदरबारी 'आरटीसी' आणि लोकव्यवहारात 'पहाणी' म्हणतात. बेळगावकडील मराठी माणूस मात्र आजही 'उतारा काढायचा आहे' असेच म्हणतो, आणि तो काढण्यासाठी 'मामलेदार कचेरी'तच जातो.

एक व्यावहारिक फरक येथेच सांगितला पाहिजे. महाराष्ट्रातील उतारा हेक्टर व आर या मापांत असतो, कर्नाटकातील एकर व गुंठ्यांत. ज्या कुटुंबांची जमीन कागल तालुक्यातही आहे आणि निपाणी तालुक्यातही आहे, त्यांना कर्जासाठी दोन्हींची बेरीज करावी लागते. १ एकर म्हणजे ४०.४७ आर; १ गुंठा म्हणजे १ आरपेक्षा किंचित अधिक. लहान खातेदाराने गुंठा आणि आर एकच मानले तरी फारसे बिघडत नाही, पण दहा एकरांच्या व्यवहारात हा फरक जवळजवळ ५ गुंठ्यांवर जातो.

रुमालात बांधलेले अधिकार

कुलकर्णी वतने मुंबई राज्याच्या १९५० च्या कायद्याने संपुष्टात आली आणि वंशपरंपरागत लेखनिकाच्या जागी पगारी तलाठी आला. पुढे कर्नाटकात त्यास 'ग्राम लेखापाल' असे नाव मिळाले. अलीकडे त्याचे पदनाम 'ग्राम प्रशासकीय अधिकारी' असे झाले आहे, तर महाराष्ट्रात २०२४ मध्ये तलाठ्यास 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणावे असे ठरले. नावे बदलली तरी लोक त्यास तलाठीच म्हणतात.

या तलाठ्याकडे तीन-चार गावे असत. हक्कनोंदीची पुस्तके, फेरफाराची वही, पिकांची नोंद, वसुलीचे हिशेब हे सारे तांबड्या रुमालात बांधून तो एका गावाहून दुसऱ्या गावी जाई. उतारा पाहिजे असल्यास प्रथम तलाठी कोठे आहे याचा तपास करावा लागे. तो आज या गावी आहे म्हणून जावे, तो तालुक्याला वसुली भरण्यास गेल्याचे कळावे, असे दोन-तीन खेप झाल्यावर कागद हाती येई. त्यास ३ दिवसांपासून ३० दिवसांपर्यंत अवधी लागत असे. सरकारी दर नाममात्र होता. प्रत्यक्षात द्यावी लागणारी रक्कम कामाच्या निकडीवर ठरे. दप्तर एकाच हातात, त्याची नक्कल अन्यत्र नाही, आणि तपासणी करणाऱ्या सर्कलला शेकडो पाने उलटण्यास वेळ नाही, अशा स्थितीत खाडाखोड करणे अवघड नव्हते. कूळहक्काच्या दाव्यांत तर उताऱ्याचा बारावा रकाना, म्हणजे जमीन प्रत्यक्ष कोण कसतो याची नोंद, निर्णायक ठरे. या रकान्यातील एका नावामुळे कुटुंबे उभी राहिली आणि मोडलीही.

तथापि या चित्राची दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. पायी किंवा सायकलवरून फिरणारा जुना तलाठी गावातील प्रत्येक बांध ओळखत असे. कोणाचा बाप वारला, कोणता भाऊ मुंबईस गिरणीत आहे, कोणत्या वाटणीची नोंद तोंडीच राहिली आहे, हे त्यास ठाऊक असे. तळवार, वालीकार व सनदी हे गावचे सेवक त्याचे डोळे होते. ही माहिती कोणत्याही रकान्यात बसणारी नव्हती.

'भूमी' : यंत्राआधी शिस्त

जमिनीचे दप्तर संगणकावर घेण्याची कल्पना 'भूमी'च्या पूर्वीची आहे. केंद्र सरकारने १९८८-८९ पासून निवडक जिल्ह्यांत अशी योजना हाती घेतली होती. पुष्कळ ठिकाणी माहिती भरली गेली, पण पुढे होणारे फेरफार त्यात कोणी व केव्हा चढवावयाचे हे ठरलेले नसल्यामुळे भरलेली माहिती काही महिन्यांतच शिळी झाली. हाताने लिहिलेले दप्तर चालूच राहिले आणि संगणक त्याच्या शेजारी शोभेचा झाला.

कर्नाटकात श्री. एस. एम. कृष्णा मुख्यमंत्री असताना महसूल खात्यातील सनदी अधिकारी श्री. राजीव चावला यांच्याकडे हे काम आले. आज्ञावली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केली. सुमारे ६७ लाख खातेदारांचे सुमारे २ कोटी उतारे १७७ तालुक्यांत संगणकावर घेण्यात आले. हा आकडा मोठा असला तरी यशाचे कारण त्यात नाही. कारण आहे ते पुढील निर्णयात: ज्या तालुक्याचे दप्तर संगणकावर पूर्ण झाले, तेथे हाताने लिहिलेला उतारा त्या दिवसापासून बेकायदा ठरविण्यात आला. जुनी वाट बंद केल्याखेरीज कोणीही नव्या वाटेने जात नाही, हे ओळखून घेतलेला हा निर्णय होता, आणि तो घेण्यास तंत्रज्ञाची नव्हे तर शासकाची हिंमत लागते.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. खाजगी संस्थांच्या माणसांनी माहिती भरली, पण छापील प्रत तपासून ती बरोबर असल्याची सही तलाठ्यास करावी लागे. तालुका कचेरीतील केंद्रावर नव्याने भरती झालेले तरुण ग्राम लेखापाल नेमण्यात आले. संगणक उघडण्यास त्यांना बोटाचा ठसा द्यावा लागे. त्यामुळे 'माझ्या नावावर दुसऱ्याने केले' अशी सबब उरली नाही. फेरफाराचे अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने निकाली काढण्याचे बंधन यंत्रातच घातले होते. क्रम मोडावयाचा तर कारण नोंदवावे लागे. खिडकीशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याकडे तोंड केलेला दुसरा पडदा बसविला होता, म्हणजे आत काय चालले आहे ते त्यास दिसावे. उताऱ्याचे शुल्क १५ रुपये ठेवले आणि त्यातून केंद्राचा खर्च भागू लागला. काही मिनिटांत उतारा हाती पडू लागला. बंगलोरच्या पब्लिक अफेअर्स सेंटर या संस्थेने २००२ साली केलेल्या पाहणीत जुन्या पद्धतीत सुमारे दोन-तृतीयांश लोकांना लाच द्यावी लागल्याचे, तर नव्या केंद्रांवर हे प्रमाण अवघे ३ टक्के असल्याचे आढळले.

या यशावर टीकाही झाली. २००७ साली काही अभ्यासकांनी बंगलोर परिसरातील अनुभवावरून असे दाखविले की, नोंदी तालुक्यास केंद्रित झाल्यामुळे मोठ्या खरेदीदारांना जमिनी हेरणे सोपे झाले आणि लाचेचे ठिकाण गावातून वर सरकले. उतारा मिळणे आणि फेरफार मंजूर होणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिले काम यंत्र करते. दुसऱ्यात नोटीस, हरकत, चौकशी व अधिकाऱ्याचा आदेश असतो, आणि तेथे माणसाची इच्छा-अनिच्छा पूर्वीइतकीच चालते.

निपाणीहून चिकोडीस

सीमाभागापुरते पाहता अंतराचा प्रश्न प्रथम आला. तलाठी सापडत नसे हे खरे, पण तो कधी ना कधी गावात येई. नवे केंद्र तालुक्याच्या गावी होते. निपाणी हे तंबाखूच्या व्यापारामुळे चिकोडीहून मोठे असलेले गाव तेव्हा चिकोडी तालुक्यात मोडत असे; सबब निपाणीच्या आसपासच्या शेतकऱ्यास पंधरा रुपयांच्या कागदासाठी एसटीचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी खर्चावी लागे. पुढे होबळीच्या ठिकाणी नाडकचेरीत ही सोय आली, २०१२ पासून अटल जनस्नेही केंद्रे सुरू झाली, आणि २०१८ साली निपाणी स्वतंत्र तालुका झाला. त्याच २०१२ साली अमलात आलेल्या 'सकाल' कायद्याने सेवा किती दिवसांत द्यावयाची हे ठरवून दिले. विलंब झाल्यास दिवसाला २० रुपये याप्रमाणे, कमाल ५०० रुपयांपर्यंत, भरपाई मागता येते. ही तरतूद फार थोड्या गावकऱ्यांना माहीत आहे. अर्ज दिल्यावर मिळणारी सकाल क्रमांकाची पोच जपून ठेवल्याखेरीज तिचा उपयोग होत नाही.

एका नावाची तीन रूपे

या भागातील खरा गुंता नावांचा आहे. 'भूमी'तील उतारा कन्नडमध्ये असतो. जुन्या खरेदीखतावर तेच नाव मराठीत, आणि आधारपत्रावर इंग्रजीत. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए' व 'ओ' यांसाठी वेगळी अक्षरे आहेत, मराठीत ती नाहीत. त्यामुळे मराठी नाव कानाने ऐकून लिहिणारा लेखनिक दोहोंपैकी कोणतेही अक्षर योजू शकतो. मराठीत शेवटचा अकार उच्चारला जात नाही, कन्नडमध्ये तो उच्चारला जातो. म्हणून कोणी शेवटचे अक्षर मोडके लिहितो, कोणी पूर्ण लिहितो. 'गोपाळ'चे 'गोपाल' आणि 'चौगुले'चे 'चौगले' होणे तर नित्याचे. हस्तलिखित दप्तरात अशा फरकाने काही अडत नसे, कारण तलाठी माणसास ओळखत होता. यंत्र माणसास ओळखत नाही, अक्षरे जुळवते. २०२४ मध्ये उतारे आधार क्रमांकाशी जोडण्याची मोहीम निघाली तेव्हा या अक्षरभेदांचा हिशेब एकदम पुढे आला.

यावर उपाय प्रशासनाच्या चौकटीतच आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी मान्य झालेल्या तत्त्वांनुसार, ज्या भागात अल्पसंख्य भाषिकांचे प्रमाण १५ टक्के वा अधिक आहे, तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध व्हावयास हव्यात. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदानुसार कोणत्याही नागरिकास राज्यात वा केंद्रात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत तक्रार-अर्ज करता येतो. उताऱ्यातील प्रमुख रकान्यांची मराठी माहितीपत्रिका नाडकचेरीच्या भिंतीवर लावण्यास फार खर्च येणार नाही. शिक्षकांनाही येथे करण्यासारखे काम आहे: कन्नड ही या मुलांची शाळेतील एक भाषा आहे, आणि स्वतःच्या घरचा उतारा वाचणे यापेक्षा चांगला वाचनपाठ कोणता असणार?

असा पाठ घेण्याइतके या नमुन्याचे ज्ञान सर्वांनाच हवे. नवव्या रकान्यात मालकाचे नाव असते, दहाव्यात जमीन कशी मिळाली ते फेरफार क्रमांकासह, अकराव्यात कर्ज व इतर बोजे, आणि बाराव्यात कसणारा व पिके. बहुसंख्य लोक नववा रकाना पाहून कागद घडी करून ठेवतात. फेडलेल्या कर्जाचा बोजा अकराव्यात तसाच राहिला असल्याचे त्यांना पुढच्या कर्जाच्या वेळी कळते.

फौती आणि महापूर

कन्नड दप्तरात वारसनोंदीस 'पौती' म्हणतात. मराठी महसुली भाषेतील 'फौती' तो हाच शब्द. ही नोंद करून घेण्याविषयी जी उदासीनता आहे ती सीमेच्या दोन्ही बाजूंस सारखीच. आजोबांच्या नावावरील जमीन नातू कसत असतो आणि तिघा चुलत्यांपैकी कोणाचीच नोंद झालेली नसते. हक्क मिळाल्यापासून ३ महिन्यांत वर्दी द्यावी असे दोन्ही राज्यांचे कायदे सांगतात. जोवर घरात एकी असते तोवर हे कोणास टोचत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ते टोचले. वेदगंगा, दूधगंगा व कृष्णा यांना महापूर आला, निपाणीजवळ यमगर्णी येथे राष्ट्रीय महामार्गावर पाणी चढून वाहतूक थांबली, आणि नदीकाठचा ऊस व सोयाबीन पाण्याखाली गेले. पिकांची भरपाई देण्यासाठी कर्नाटकात जी संगणकीय व्यवस्था आहे, ती 'भूमी'तील नोंदीवर आधारलेली असून रक्कम थेट बँकेच्या खात्यात जमा होते. मधला हात निघून गेला, हा मोठाच लाभ. परंतु उताऱ्यावरील माणूस हयात नसेल तर रक्कम जमा कोणाच्या खात्यावर करणार? बांधावर उभा असलेला नातू नुकसान दाखवितो, तलाठी ते डोळ्यांनी पाहतो, आणि तरीही त्याच्या हातातील यंत्र त्या नातवास ओळखत नाही. जुन्या काळी अशा वेळी पंचनाम्यावर दोन ओळी अधिक लिहून वाट काढता येत असे. या दोन ओळींतूनच पूर्वी गैरव्यवहारही होत, हे विसरता येत नाही. म्हणून फौती नोंदीच्या मोहिमा गावातच भरविणे हा एकच मार्ग उरतो. अलीकडे कर्नाटकात तशा मोहिमा हाती घेण्यात आल्या आहेत.

खिशातील कचेरी

'भूमी'च्या पहिल्या दहा वर्षांत संगणक तालुक्याच्या कचेरीत होता. आता तो तलाठ्याच्या खिशात आला आहे. पीक पाहणी, आधार जोडणी, पुराचे पंचनामे, सरकारी जमिनींची तपासणी, मतदार यादी, दाखल्यांसाठीचे अहवाल या प्रत्येकासाठी भ्रमणध्वनीवर निराळे ॲप आहे. वरिष्ठ कार्यालयास प्रत्येक गावाचा आकडा दररोज दिसतो, आणि जो आकडा दिसतो तो वाढविण्याचा तगादाही दररोज होतो. २०२४ च्या सप्टेंबर अखेरीस कर्नाटकातील ग्राम प्रशासकीय अधिकाऱ्यांनी काम थांबविले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा थांबविले. बसावयास धड कचेरी नाही, साधने पुरविलेली नाहीत, आणि अनेक ॲपवरील काम एकाच माणसाकडून एकाच वेळी मागितले जाते, या त्यांच्या मुख्य तक्रारी होत्या.

या तक्रारींकडे केवळ सेवाशर्तींचा प्रश्न म्हणून पाहू नये. २००० साली जे घडले त्यात वरिष्ठांनी कामाची रीत आधी ठरविली, जुने काम कमी केले आणि मग यंत्र आणले. वहीत लिहिणे बंद झाले म्हणून पडद्यावर लिहिण्यास वेळ मिळाला. त्यानंतरच्या काळात मात्र प्रत्येक खात्याने आपापले ॲप आणले आणि जुने काम तसेच राहू दिले. चांगल्या नेतृत्वाची खूण नव्या साधनाचे उद्घाटन करण्यात नसून कोणते काम आजपासून करावयाचे नाही हे सांगण्यात असते. ही दुसरी गोष्ट सांगणारा अधिकारी विरळा. महाराष्ट्राने ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत पिकाची नोंद करण्याचे काम स्वतः शेतकऱ्याच्या हाती दिले. त्यात तलाठ्याचा भार हलका करण्याचा एक हेतू होता. त्याचा परिणाम गावागणिक निराळा आहे, कारण वयस्क शेतकऱ्याचा भ्रमणध्वनी बहुधा नातवाच्या हाती असतो आणि नातू शिक्षणासाठी कोल्हापुरास असतो.

कर्नाटकात ग्राम प्रशासकीय अधिकाऱ्यांची एक हजार पदे भरण्यासाठी २०२४ साली परीक्षा झाली. उमेदवारांना प्रथम कन्नडची अनिवार्य परीक्षा द्यावी लागली. यांतील जे तरुण खानापूर, बेळगाव वा निपाणी तालुक्यातील मराठी गावांत नेमले जातील त्यांना यंत्र शिकविण्याची गरज पडणार नाही. बांध, वाटण्या, घराण्यांतील भाऊबंदकी आणि एका नावाची तीन रूपे हे त्यांना गावातच शिकावे लागेल. तालुक्याच्या दप्तरखान्यातील जुनी कागदपत्रे आता 'भू सुरक्षा' योजनेखाली छायांकित होऊन संगणकावर येत आहेत. त्यांत जुन्या तलाठ्यांनी समासात लिहून ठेवलेल्या टिपणांचाही समावेश आहे.